लक्ष्य आणि फळ

श्रमानें सर्व कांहीं साध्य होतें, हें वाक्य आमच्या समाजांत पुष्कळ वेळां उच्चारलें जातें. तपासून मात्र तें क्वचितच पाहिलें जातें. शाळेच्या भिंतीवर तें लिहिलेलें असतें, बक्षीस-समारंभाचे अध्यक्ष तें सांगतात, आणि घरीं वडील माणसें तेंच निराळ्या शब्दांत ऐकवितात. वाक्य उत्साह देणारें आहे यांत संशय नाहीं. परंतु त्याला दुसरी एक बाजू आहे, व ती तितकीशी निरुपद्रवी नाहीं. श्रमानें यश हटकून येत असेल, तर ज्याला यश आलें नाहीं त्यानें श्रम केलेच नसले पाहिजेत, असें अनुमान त्यांतून आपोआप निघतें. परीक्षेच्या निकालाच्या दिवशीं कित्येक घरांत हेंच अनुमान मुलांच्या तोंडावर फेंकलें जातें. तें खरें कीं खोटें, हा प्रश्न म्हणूनच केवळ तर्कशास्त्राचा राहत नाहीं. तो न्यायाचा होतो.

या प्रश्नाचा विचार करावयास ज्या खेळांत लक्ष्य स्थिर असतें ते खेळ फार सोयीचे पडतात. क्रिकेटमध्यें चेंडू दुसऱ्याच्या हातून येतो; फलंदाज बाद झाला तर दोषाचा थोडा वांटा गोलंदाजाला, थोडा खेळपट्टीला देतां येतो. गोल्फमध्यें ही सवलत नाहीं. 'ड्रायव्हिंग रेंज' म्हणून या खेळाच्या सरावाची जी जागा असते, तेथें मनुष्य एका ठिकाणीं उभा राहून टोपलीभर चेंडू एकामागून एक मोकळ्या मैदानांत टोलवीत असतो. चेंडू स्थिर, जमीन सपाट, प्रतिस्पर्धी कोणी नाहीं, घाई नाहीं. तरीही एक चेंडू उजवीकडे वळतो, दुसरा जमिनीलगत घसरतो, तिसरा सुरेख जातो, आणि चौथा त्या तिसऱ्याचा आनंद धुळीस मिळवितो. काठीचा व चेंडूचा स्पर्श सेकंदाच्या सुमारें दोन हजाराव्या भागापुरताच टिकतो; फटका चुकला हें मनाला कळतें तोंवर तो संपलेला असतो. तेथें मनुष्याला झगडावयाचें असतें तें केवळ स्वतःशीं.

गोल्फ हा खेळ आमच्या सातारा-सांगलीकडील मध्यम वर्गाच्या घरांत फारसा शिरलेला नाहीं. परंतु त्याचें जवळचें भावंड जी धनुर्विद्या, ती आम्हांस परकी नाहीं. सांगलीस १८४३ सालीं विष्णुदास भाव्यांनीं 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणलें. म्हणजे मराठी नाटकाचा आरंभच धनुष्याच्या कथेनें झाला. आणि आमच्या काळांत सातारा जिल्ह्यानें या विद्येंत जें नांव मिळविलें आहे, तें साऱ्या जगाला ठाऊक आहे.

साताऱ्याच्या कु. अदिती स्वामी हिनें उसाच्या शेतांत तयार केलेल्या मैदानावर सराव केला, आणि ऑगस्ट २०२३ मध्यें बर्लिन येथें, वयाच्या सतराव्या वर्षीं, कंपाउंड धनुष्याचें जागतिक अजिंक्यपद मिळविलें. या प्रकारांत ५० मीटरांवरील लक्ष्य वेधावयाचें असतें, आणि त्याच्या मध्यभागीं दहा गुणांचें जें वर्तुळ असतें त्याचा व्यास अवघा ८ सेंटिमीटर. अंतिम सामन्यांत तिनें १५ बाणांत १५० पैकीं १४९ गुण मिळविले. मेक्सिकोच्या आंद्रेया बेसेरा हिचे १४७ झाले. त्याच दिवशीं, त्याच ठिकाणीं, पुरुषांच्या अंतिम सामन्यांत नागपूरच्या ओजस देवतळे यानें १५० पैकीं १५० गुण घेतले, आणि पोलंडचा त्याचा प्रतिस्पर्धी १४९ गुण मिळवून हरला.

वाचकांनीं या आंकड्यांपाशीं क्षणभर थांबावें. १४९ या एकाच आंकड्यानें एकीला जगज्जेती केलें आणि दुसऱ्याला पराभूत. त्या पोलिश धनुर्धराच्या श्रमांत काय उणें होतें? ज्याचे पंधरांपैकीं चौदा बाण त्या ८ सेंटिमीटरांच्या वर्तुळांत रुतले, त्याला आळशी कोण म्हणेल? त्याच्या हातीं होतें तें सर्व त्यानें केलें. जें दुसऱ्याच्या हातीं होतें तें त्याच्याकडून होणें शक्यच नव्हतें.

दुसरें उदाहरण फलटण तालुक्यांतील सरडे या गांवचे श्री. प्रवीण जाधव यांचें. २८ जुलै २०२१ रोजीं टोकियोच्या ऑलिंपिक सामन्यांत त्यांनीं जागतिक क्रमवारींत दुसऱ्या असलेल्या रशियन धनुर्धरास ६-० असें हरविलें, आणि त्याच दिवशीं पुढच्या फेरींत पहिल्या क्रमांकाच्या अमेरिकन ब्रेडी एलिसनकडून ते ०-६ असे हरले. मनुष्य तोच, धनुष्य तेंच, वर्षानुवर्षांचा अभ्यासही तोच. एका फेरींत तो अभ्यास होता आणि पुढच्या फेरींत तो नाहींसा झाला, असें म्हणणें हास्यास्पद होईल. सांगलीस १९१५ सालीं जन्मलेले विजय हजारे यांनीं जानेवारी १९४८ मध्यें ॲडलेड येथें ऑस्ट्रेलियाविरुद्ध ११६ व १४५ अशीं दोन्ही डावांत शतकें केलीं. तरी हिंदुस्थानचा संघ एक डाव व १६ धावांनीं हरला. त्या दोन शतकांचें मोल पराभवानें रतीभरही कमी झालें नाहीं.

तर मग श्रमाचा फळावर हक्क नाहीं, एवढें उघड होतें. पण येथें एक आक्षेप येतो. हीं सर्व सिद्ध पुरुषांचीं व सिद्ध स्त्रियांचीं उदाहरणें झालीं. ज्याला सरावांतच साधत नाहीं, त्याचें काय? टोपलीभर चेंडू मारून जो पहिल्यापेक्षां वाईट मारूं लागतो, त्याचा श्रम वायां गेला असें म्हणूं नये काय?

याचें उत्तर देण्यापूर्वीं सराव म्हणजे काय तें नीट पाहिलें पाहिजे. महाभारताच्या आदिपर्वांत अर्जुनाची एक गोष्ट आहे. जेवतांना वाऱ्यानें दिवा विझला, तरी अंधारांत घांस बरोबर तोंडाकडेच जातो, हें त्याच्या ध्यानांत आलें, आणि तेव्हांपासून तो रात्रींही शरसंधान करूं लागला. सवयीनें हाताला जें ज्ञान होतें तें डोळ्यांवर किंवा बुद्धीवर अवलंबून राहत नाहीं, हें त्या कथेचें मर्म. परंतु सवय ही आंधळी दासी आहे. ती गुण मुरविते तसेच दोषही मुरविते. चुकीचा फटका शंभर वेळां मारणारा मनुष्य शंभर वेळां तो चुकीचाच फटका शिकत असतो. उलट, प्रत्येक फटक्याच्या वेळीं मनगट कोठें, कोपर कोठें, खांदा कोठें, याची मनाशीं उजळणी करणाराची स्थिति पावलें मोजीत जिना उतरणारासारखी होते. तो हटकून अडखळतो. धनुर्धरांमध्यें असा एक विकार प्रसिद्ध आहे, कीं लक्ष्य दिसतांच नेम स्थिर होण्यापूर्वीं बाण सुटतो, किंवा मध्यबिंदूवर हात कांहीं केल्या ठरतच नाहीं. पुष्कळ सराव केलेल्या, निष्णात लोकांनाही तो होतो. म्हणजे त्याचें कारण आळस नव्हे. फळाची अतिरिक्त ओढ हेंही त्याचें एक कारण असतें.

शिवाय, सरावाच्या वेळीं दिसणारें अपयश हें खरें अपयश असतेंच असें नाहीं. १९७९ सालीं शिया व मॉर्गन या अमेरिकन संशोधकांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. हाताच्या हालचालींचे तीन प्रकार कांहीं जणांना एकेक करून, ओळीनें शिकविले. कांहीं जणांना तेच उलटसुलट मिसळून शिकविले. शिकतांना दुसरा वर्ग मागें पडला. पण दहा दिवसांनीं परीक्षा घेतली तेव्हां तोच सरस ठरला. आमच्या तीस वर्षांच्या अध्यापनाचा अनुभवही याला जुळता आहे. एकाच प्रकारचीं वीस उदाहरणें झरझर सोडविणारा विद्यार्थी वर्गांत चमकतो. निरनिराळ्या उदाहरणांशीं झगडणारा मंद दिसतो. आणि वर्षाअखेर पुष्कळदां पारडें फिरतें. अडखळणें हें कित्येकदां शिकण्याचेंच बाह्य रूप असतें.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. प्राचीन युरोपांतील स्टोइक तत्त्वज्ञांनीं धनुर्धराचाच दृष्टान्त घेतला होता, व सिसेरोनें तो आपल्या ग्रंथांत नमूद केला आहे. नेम धरण्यासाठीं जें जें करणें शक्य आहे तें सर्व करणें हेंच धनुर्धराचें खरें साध्य. बाण लागणें ही इष्ट, पण त्याच्या सत्तेबाहेरची गोष्ट, असें त्यांचें म्हणणें. गीतेंतील कर्मयोग आमच्या घरोघरीं परिचित आहे. त्याचें येथें विवरण नको. परंतु या शिकवणुकीचा एक दुरुपयोग आमच्यांत फार होतो, त्याकडे लक्ष वेधणें अवश्य आहे. फळाची आशा धरूं नये याचा अर्थ लक्ष्याकडे पाहूं नये असा कित्येक लोक करून घेतात, आणि आपल्या ढिलाईला वैराग्य हें नांव देतात. हा शुद्ध भ्रम आहे. लक्ष्याकडे न पाहतां सोडलेला बाण हा निष्काम कर्म नव्हे. तें कर्मच नव्हे. लक्ष्य व फळ या दोन वस्तु भिन्न आहेत. लक्ष्य कर्माला वळण लावतें. फळ कर्त्याच्या अहंकाराला खाद्य पुरवितें. मधलें पिवळें वर्तुळ हें लक्ष्य; त्यांत बाण लागल्यावर गळ्यांत पडणारें पदक हें फळ. पहिल्यावर दृष्टि जितकी खिळेल तितकें बरें. दुसऱ्यावर ती गेली कीं हात कांपतो. पतंजलीनें अभ्यास व वैराग्य हीं दोन्हीं एकत्र सांगितलीं, तीं याच कारणानें असावींत, असें आम्हांस वाटतें.

मग साधत नसेल तर कोठवर झगडावें? या प्रश्नाचेंही उत्तर धनुर्धराच्या मैदानावरच मिळतें. एकाचे सहाही बाण मध्यापासून वीतभर डावीकडे, पण एकमेकांना लगटून लागतात. दुसऱ्याचा एक बाण अगदीं मध्यावर, आणि बाकीचे पांच चहूंकडे विखुरलेले. तिऱ्हाइताला दुसरा श्रेष्ठ वाटेल. शिक्षक मात्र पहिल्याची पाठ थोपटील. कारण पहिल्याचा हात स्थिर झालेला आहे. धनुष्यावरील नेमाची खूण थोडी सरकविली कीं त्याचें काम झालें. दुसऱ्याचा तो एक बाण दैवानें लागला. म्हणून अभ्यास करणारानें विचारावयाचें तें, 'किती बाण लागले?' असें नव्हे, तर 'चुकलेला बाण मला कांहीं सांगतो आहे काय?' असें. जोंपर्यंत चूक बोलते, तोंपर्यंत श्रम वायां गेलेला नाहीं. चांगल्या मार्गदर्शकाच्या देखरेखीखालीं, दीर्घकाळ, मन लावून अभ्यास केल्यावरही चुका मुक्याच राहिल्या, तर तें धनुष्य खालीं ठेवून दुसरें साधन हातीं घेण्यांत लाज कसली? तोही विवेकाचाच भाग आहे.

आमच्या सातारा-सांगलीच्या घरांतून आज शेंकडों मुलें वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशाच्या परीक्षांसाठीं वर्षावर्ष खपतात. जागा मोजक्या, परीक्षार्थी अमाप. म्हणजे पुष्कळांना अपयश येणार हें गणितानेंच ठरलेलें. त्या सर्वांनीं पराकाष्ठेचे श्रम केले, तरी जागा एकानेंही वाढणार नाहीं. अशा स्थितींत गुणपत्रिका पाहून मुलाच्या श्रमांचा हिशेब उलटा मांडणें म्हणजे त्या १४९ गुणांच्या धनुर्धरास आळशी ठरविण्यासारखें आहे. मुलगा रोज पहांटे उठून अभ्यासाला बसत होता कीं नव्हता, हें आईबापांना गुणपत्रिकेवरून शोधून काढावयाचें कारण काय? तें त्यांनीं वर्षभर डोळ्यांनीं पाहिलेलें असतें. डोळ्यांनीं पाहिलेलें विसरून कागदावरच्या आंकड्यावर विश्वास ठेवणें, हा त्या मुलावर सर्वांत मोठा अन्याय. कारण त्यामुळें त्याचे श्रम झालेच नाहींत असें ठरतें, आणि जें त्यानें खरोखर कमावलें तेंही त्याच्याकडून हिरावलें जातें.

हाच नियम यशस्वी लोकांनाही लागू आहे, ही गोष्ट त्यांना गोड वाटो वा न वाटो. श्रमाचा जर फळावर हक्क नाहीं, तर मिळालेलें फळ हें केवळ आपल्याच श्रमाचें, असें म्हणण्याचा अधिकार कोणास उरत नाहीं. यश आलें असतां मान थोडी खालीं आणि अपयश आलें असतां थोडी ताठ, असें जो वागूं शकेल त्याला श्रमाचें रहस्य कळलें असें आम्ही समजतों. पुढच्या निकालाच्या दिवशीं घरांतील मुलाला पहिला प्रश्न गुणांचा न विचारतां, वर्षभरांत काय उमगलें तें विचारून पाहावें. उत्तर ऐकावयास मात्र थोडा वेळ काढावा लागेल.