विकला गेलेला संघ

उद्यमबागेतल्या ज्या कारखान्यात मी टर्नर म्हणून लागलो, तो १९८६ साली विकला गेला. जागा, लेथ, हातातल्या ऑर्डरी आणि आम्ही साठ माणसे, सगळे एकाच कागदावर. नवा मालक पगार कमी करणार नव्हता. मी सही केली. शेजारच्या लेथवरचा माझा मित्र मात्र म्हणाला, "विकण्याआधी मला कुणी विचारलंय काय?" आणि जेवणाचा डबा उचलून जो गेला तो परत आला नाही. मी त्याला तेव्हा हट्टी ठरवले. दोन लेकरांच्या बापाला असला ताठा परवडत नाही, असे चारचौघांत बोलूनही दाखवले.

पुढे मी मस्कतला गेलो. १९९२ मध्ये माझ्या खोलीत मनिलाचा एक वेल्डर राहायला आला. त्याला सगळे 'कुया' म्हणत. त्यांच्या भाषेत कुया म्हणजे दादा. त्याच्या पेटीत झाकणाच्या आतल्या बाजूला दोन बास्केटबॉलपटूंचे पिवळे पडलेले कात्रण चिकटवलेले होते. त्या कात्रणाची हकिगत त्याने मला इतक्यांदा सांगितली की, ती आता अर्धी माझीच झाली आहे.

आपल्याकडे क्रिकेटचे जे वेड, ते फिलिपाईन्समध्ये बास्केटबॉलचे. आशियातली पहिली व्यावसायिक लीग तिथे १९७५ साली सुरू झाली. पण तिथले संघ गावांचे नव्हेत, कंपन्यांचे. रणजीत बडोदा खेळते, कर्नाटक खेळते. तिथे बनियन खेळे आणि मोटार खेळे! क्रिस्पा हा बनियनवाल्यांचा संघ. टोयोटा हा डेल्टा मोटर या कंपनीचा. रिकार्डो सिल्वेरियो यांची ही कंपनी जपानी गाड्यांची जुळणी करी. लीगच्या पहिल्या वर्षी तीन स्पर्धा झाल्या. दोन टोयोटाने घेतल्या, तिसरी क्रिस्पाने, आणि देशभर घराघरांत फाळणी झाली. एप्रिल १९७७ मध्ये सामन्यानंतर दोन्ही संघांत अशी हाणामारी झाली की, खेळाडूंना फोर्ट बोनिफासिओच्या लष्करी छावणीत डांबले गेले. तेव्हा तिथे मार्कोसचा लष्करी कायदा चालू होता.

टोयोटाने एकूण नऊ अजिंक्यपदे मिळवली. मग डेल्टा मोटर आर्थिक अडचणीत बुडाली. १९८४ चा हंगाम सुरू होण्यापूर्वीच संघ एका बिअर कंपनीकडे गेला आणि त्याचे नाव 'बिअर हाउझेन' झाले. खेळाडूही सामानाबरोबर जायचे होते. रॉबर्ट जावॉर्स्कीने नकार दिला. आम्हाला न विचारता ठोक भावाने आमचा सौदा कसा होतो, हा त्याचा सवाल होता. फ्रान्सिस अर्नाइझला घेऊन तो गिल्बीज जिनच्या संघात गेला. रॅमॉन फर्नांडेस बाकीच्यांबरोबर बिअरकडे गेला. कात्रणातले दोघे ते हेच, जावॉर्स्की आणि फर्नांडेस. दहा वर्षे एकाच रंगात खेळलेल्या या दोघांत त्यानंतर अबोला पडला.

यांतला निष्ठावान कोण? कुया म्हणे जावॉर्स्की. त्याचा थोरला भाऊ म्हणे फर्नांडेस, कारण जिथे पोरे तिथे संघ. या वादापायी दोघे भाऊ एका नाताळला एका टेबलावर जेवले नव्हते.

मी विचार करू लागलो की, या लोकांचे प्रेम होते तरी कशावर? मोटारीवर नक्कीच नव्हे. कुयाच्या घरी सायकलही नव्हती. नावावर म्हणावे, तर टोयोटाआधी संघाचे नाव कोमात्सु होते, आणि पुढेही कॉमेट्स, टॅमरॉज, सुपर कोरोलाज असे शेपूट बदलतच राहिले. (टॅमरॉ म्हणजे मिंडोरो बेटावरचा बुटका रानरेडा, त्याच नावाची गाडीही होती.) १९८८ साली टोयोटाची कंपनी मनिलात नव्याने उभी राहिली. गाड्या परत आल्या, संघ आला नाही.

गर्दी बहुतांशी जावॉर्स्कीच्या मागे गेली. गिल्बीजचे पुढे जिनेब्रा झाले तरी ती हलली नाही, आणि १९९८ साली तो सिनेटरही झाला. पण गर्दीवरून न्याय करायला माझे मन घेत नाही. नको असलेल्या नावाखाली खेळून फर्नांडेस त्याच १९८४ साली लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मालक कुणीही असो, हातातले काम चोख करणे हीही निष्ठाच की! मस्कतच्या त्या खोलीत मला हा युक्तिवाद फार आवडे. कारण उघड आहे, तो माझ्या सहीची बाजू घेत होता.

पण एक गोष्ट खुपत राहिली. जावॉर्स्कीला नकार देता आला, कारण त्याला घ्यायला दुसरा संघ तयार होता. माझ्या मित्रासाठी कुठलाच गिल्बीज थांबलेला नव्हता. तरी तो गेला. आणि साठांतले वीस जण जरी "आम्हाला विचारा" म्हणून उभे राहिले असते, तरी मालकाला खुर्च्या मांडून बोलावे लागले असते. आम्ही मुकाट सह्या केल्या म्हणून तो हट्टी दिसला.

१९८९ च्या ऑल-स्टार सामन्यात जावॉर्स्की आणि फर्नांडेस बुजुर्गांच्या संघात एकत्र आले. शेवटच्या क्षणी जावॉर्स्कीने बाहेरून चेंडू आत दिला तो फर्नांडेसला, आणि त्याने बास्केट करून सामना जिंकला. प्रशिक्षक बेबी डालुपान हा एकेकाळचा क्रिस्पाचा, म्हणजे दोघांचाही जुना वैरी. त्याने दोघांना जवळ बोलावले आणि हात मिळवायला लावले. हे सांगताना कुया उठून उभा राहत असे.

१९९७ मध्ये मी परत आलो. मित्राने वडगावात सायकल दुरुस्तीचे दुकान टाकले होते. दसऱ्याला सोने घेऊन गेलो. त्याने आपट्याची पाने घेतली, चहा मागवला आणि चाकाच्या तारा ताणता ताणता विचारले,

"तुझी सही कितवी रे होती?"

"एकोणिसावी."

"त्या अठरा जणांचं मला काही नाही," तो म्हणाला. "तू शेजारच्या लेथवर होतास."