शिकारीचा बेत की यात्रेचा संकल्प?

कोणतेही कर्म हातून घडण्याच्या कितीतरी आधी मनात घडून गेलेले असते. चोर घरात शिरतो ती वेळ नंतरची. दुपारी जाता जाता त्याने कुलूप न्याहाळले ती वेळ आधीची. म्हणूनच आपल्या ऋषींनी कर्माचा हिशेब मांडताना केवळ हातांकडे पाहिले नाही. महर्षी पतंजलींनी योगसूत्रांत हिंसेचे तीन प्रकार सांगितले आहेत : कृत, कारित आणि अनुमोदित. म्हणजे स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि दुसऱ्याच्या हिंसेला संमती देऊन आपलीशी केलेली. या तिन्हींच्या मुळाशी लोभ, क्रोध किंवा मोह असतो, असेही ते सांगतात.

वाचताना हे सोपे वाटते. स्वाध्यायात आपण त्यावर माना डोलावतो. पण जेव्हा आपल्याच घरातले माणूस प्रश्न घेऊन समोर उभे राहते, तेव्हा त्या तीन शब्दांचे वजन कळते.

भाच्याचा प्रश्न

गेल्या श्रावणातली गोष्ट. पद्मनाभपुरातील आमच्या घरी रात्री उशिरा भाच्याचा फोन आला. तो अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात नोकरी करतो. तिथे नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारपासून नऊ दिवस बंदुकीने हरणांची शिकार करण्याचा हंगाम असतो. पांढऱ्या शेपटीचे हरीण हे त्या हंगामाचे मुख्य सावज. त्याच्या कार्यालयातील चौघांनी एका लॉजवर जाण्याचे ठरवले होते. भाचा हिशेबात आणि आखणीत हुशार, म्हणून लॉज निवडणे, वाटाड्या ठरवणे, परवान्यांची माहिती काढणे, खर्चाचा तक्ता करणे हे सारे त्याच्यावर सोपवले होते.

तो म्हणाला, “मामा, मी बंदुकीला हात लावणार नाही. मांसही खाणार नाही. फक्त व्यवस्था मी करतोय. मित्रांना नाही म्हणायला संकोच वाटतो. यात मला दोष लागतो का हो?”

मी काही बोलण्याआधीच तो पुढे म्हणाला, “आणि इथले लोक म्हणतात, हरणं मारली नाहीत तर जंगलच राहणार नाही. तेही खोटं नाही.”

“हिंसा पाप आहे, जाऊ नकोस,” एवढे सांगून मी फोन ठेवू शकलो असतो. पण जो प्रामाणिकपणे विचारतो, त्याला तयार उत्तर देऊन गप्प करणे हाही त्याच्यावर अन्यायच. मी त्याच्याकडून आठ दिवस मागून घेतले.

समोरची बाजू

प्रथम त्या लोकांचे म्हणणे समजून घेऊ. एकोणिसाव्या शतकात बाजारासाठी झालेल्या बेसुमार कत्तलीमुळे अमेरिकेत ही हरणे अवघी पाच लाखांच्या आसपास उरली असावीत, असे मानतात. नंतर कडक नियम आले. 1937 मध्ये तेथील संसदेने कायदा करून बंदुका आणि काडतुसांवरील कराचा पैसा वन्यजीवांच्या रक्षणाला लावला. आज या हरणांची संख्या तीन कोटींच्या घरात असल्याचा अंदाज आहे. हरणांना आवरणारे लांडगे बहुतेक ठिकाणी माणसाने आधीच संपवले. त्यामुळे वाढलेले कळप जंगलातील कोवळी रोपे फस्त करतात, शेतात शिरतात, रस्त्यावर मोटारींखाली येतात. अनेक शिकारी कुटुंबे वर्षभराचे मांस त्यातूनच साठवतात, काही जण ते गरिबांच्या अन्नकेंद्रांना देतात.

हे सारे खरे आहे. गरज म्हणून, नियमात राहून, दुःखाने केलेला वध आणि मौजेखातर केलेला वध यांत धर्मशास्त्रानेही फरक मानला आहे. मनूने राजाला टाळण्याजोगी व्यसने सांगितली, त्यांत कामातून उपजणाऱ्या दहा व्यसनांच्या यादीत मृगया पहिली आहे. व्यसन म्हणजे ज्यात गरज संपली तरी ओढ संपत नाही ते.

आणि आपणही स्वतःला फार निर्मळ समजू नये. आमच्या भिलाईच्या कारखान्यात 1959 मध्ये पहिली झोतभट्टी पेटली. तिला लागणारे लोहखनिज दल्ली-राजहराच्या डोंगरांतून आले. ते डोंगर फोडताना किती रान गेले, किती जीव परागंदा झाले, याचा हिशेब आपण कधी विचारला नाही. त्याच पोलादाच्या छताखाली बसून आपण अहिंसेवर बोलतो. कधी बंदूक धरली नाही एवढ्यावरून कोणी अहिंसक ठरत नाही. कारित आणि अनुमोदित हे शब्द आपल्यालाही लागू आहेत. हे कबूल केल्यावरच भाच्याला काही सांगण्याचा मला अधिकार होता.

तक्त्यातील एक रकाना

दोन दिवसांनी मी त्याच्याकडून तो तक्ता मागवला. राहण्याचा दर, जेवण, वाटाड्याचा रोजचा मेहनताना, मचाणाची जागा, मांस कापून बांधून देण्याचा खर्च. शेवटच्या रकान्यात एका खासगी लॉजचे वेगळे दर होते : शिंगांच्या मापाप्रमाणे. जितके मोठे शिंग, तितकी मोठी रक्कम.

तो रकाना पाहून माझे मन स्थिर झाले. कळप आवरायचे असतील तर माद्यांची संख्या मर्यादित ठेवावी लागते, कारण पिले त्यांनाच होतात. शिंगे मात्र नराला असतात. मग जंगल वाचवण्यासाठी निघालेल्या माणसाने सर्वांत भव्य शिंगांच्या नरासाठी सर्वांत जास्त पैसे का मोजावेत? तोंडाने जे कारण सांगितले जात होते ते जंगलाचे होते, पण दरपत्रक मनातला हेतू सांगत होते. तो हेतू होता भिंतीवर टांगण्याचा.

अशी भिंत मी लहानपणी पाहिली आहे. आमच्या आजोळी माजघरात चितळाची शिंगे होती, ओळखीच्या एका मालगुजारांनी दिलेली. पाहुणे आले की त्यांची गोष्ट निघे. कोणी गोळी झाडली, किती पावलांवरून, किती हाकारे होते. ते चितळ त्या सकाळी काय करत होते, हे मात्र कोणी कधी सांगितले नाही.

आपल्याच मातीतली साक्ष

अमेरिकेला बोट दाखवण्याआधी आपले अंगण पाहावे. हा सारा मुलूख जुन्या मध्य प्रांतातला. इथल्या जंगलांत परवाना काढून, ठरलेल्या तारखांना, हाकारे आणि मचाणे लावून शिकारीच्या सहली होत. स्वातंत्र्यानंतरही ते चालू राहिले. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेले रायपूरचे विद्याचरण शुक्ल यांनी राजकारणात येण्याआधी अ‍ॅल्विन कूपर ही कंपनी काढली होती. मध्य भारतातील जंगलांत शिकारीच्या आणि छायाचित्रणाच्या सफरी घडवून आणणे हे तिचे काम होते. त्या काळात तो एक प्रतिष्ठित आणि कायदेशीर व्यवसाय होता.

परिणाम काय झाला? आज छत्तीसगडमध्ये असलेल्या कोरिया संस्थानात 1947 मध्ये तेथील राजांनी एकाच रात्री तीन चित्ते मारले. भारतातील चित्त्याची ती शेवटची खात्रीची नोंद मानली जाते. 1952 मध्ये चित्ता या देशातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. 2022 मध्ये नामिबियातून आठ चित्ते विमानाने कुनोत आणावे लागले. एका रात्रीची मौज आणि सत्तर वर्षांची पोकळी!

1972 मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि 1991 च्या दुरुस्तीनंतर हौसेच्या शिकारीचा परवानाच उरला नाही. त्या कायद्यातील शिकारीची व्याख्या मुद्दाम वाचण्यासारखी आहे. ठार मारणे तर शिकार आहेच, पण हाका घालणे, आमिष लावणे, सापळा रचणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे हीसुद्धा शिकारच. पतंजलींनी जे साधकाला सांगितले, त्याच्या जवळपास कायदाही येऊन पोहोचला : गोळी सुटण्याच्या आधीच कर्म सुरू झालेले असते.

सम्राटाने काय सोडले, काय ठेवले

मग मार्ग कोणता? मित्रांपासून तुटायचे, जंगलाकडे पाठ फिरवायची? याचे उत्तर एका राजाने दगडावर कोरून ठेवले आहे.

सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा 1882 मध्ये आपल्या महाराष्ट्रात, नालासोपाऱ्याजवळच्या सोपारा येथे सापडला. तो आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. या लेखाचा आशय असा की पूर्वीचे राजे विहारयात्रांना निघत, त्यांत मृगया आणि तशाच करमणुकी असत. अशोकाने राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर बोधिवृक्षाची यात्रा केली आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाल्या. त्यांत श्रमण-ब्राह्मणांचे दर्शन, वृद्धांना दान आणि गावोगावच्या लोकांशी धर्माविषयी बोलणे होते. या यात्रांतून आपल्याला अधिक आनंद मिळतो, असेही त्याने नोंदवले आहे.

येथे थांबून विचार करावा. अशोकाने यात्रा सोडली नाही. घोडे, सेवक, मुक्काम, प्रवासाची आखणी सारे तसेच राहिले असेल. त्याने फक्त हेतू बदलला. आनंदाचा त्यानेही त्याग केला नाही, उलट तो वाढला असे तो सांगतो. पहिल्याच शिलालेखात तो हेही कबूल करतो की आपल्या पाकशाळेत अजून दोन मोर आणि एखादे हरीण मारले जाते, पुढे तेही बंद होईल. पूर्ण शुद्ध झाल्यावर बोलू, अशी त्याने वाट पाहिली नाही. आपल्यासारख्या अपूर्ण साधकांना यापेक्षा मोठा धीर कोणता?

मराठी वाचकांना जवळचे उदाहरण व्यंकटेश माडगूळकरांचे. तरुणपणी शिकारीचा नाद असलेल्या या लेखकाने पुढे बंदूक ठेवून दिली. रान मात्र सोडले नाही. तेच पाय, तीच चिकाटी, तेच तासन् तास दबा धरून बसणे. पण आता केवळ पाहण्यासाठी. त्यातूनच ‘नागझिरा’सारखे पुस्तक आपल्याला मिळाले.

तीन प्रश्न

आठ दिवसांनी मी भाच्याला फोन केला आणि उत्तराऐवजी तीन प्रश्न दिले. हेच प्रश्न आपण कोणत्याही बेताला विचारू शकतो.

पहिला : या आखणीतले कोणते काम देवापुढे बसून सांगताना जीभ अडखळेल?

दुसरा : सावज मिळणारच नाही असे आधी कळले, तरीही ही सहल हवीशी वाटेल का?

तिसरा : जे मी स्वतः करणार नाही, ते दुसऱ्याला सोपे करून देण्यात माझा कोणता लोभ आहे? पैशाचा, की चांगले म्हणवून घेण्याचा?

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मामा, तिसऱ्याचं उत्तर मला माहीत आहे. मला त्यांच्यातलाच एक व्हायचं होतं.”

त्याने मित्रांना प्रांजळपणे सांगितले की ही व्यवस्था माझ्याकडून होणार नाही. कोणाला दूषण दिले नाही, प्रवचनही केले नाही. एकाने थट्टा केली. ते नोव्हेंबरात गेले, तो घरी राहिला. ते नऊ दिवस त्याला एकटे वाटले, हेही त्याने लपवले नाही. संयमाची किंमत असते आणि ती मोजावी लागते.

पण फाल्गुनात त्याचा पुन्हा फोन आला. हरणांची शिंगे दरवर्षी आपोआप गळतात आणि नवी उगवतात. हिवाळा सरताना तिथले लोक ती शोधायला रानात जातात, तेथे त्याला परवानगी आहे. (आपल्याकडे गळलेले शिंगही उचलता येत नाही, हे ध्यानात ठेवावे.) या वेळी बेत त्याने आखला होता आणि त्या चौघांपैकी दोघे त्याच्याबरोबर गेले होते. थट्टा करणाराही त्यांत होता. दिवसभर बर्फात चालून त्यांना एकच शिंग मिळाले.

“आणि हरीण?” मी विचारले.

“समोरच होतं, मामा. आमच्याकडे बघत उभं होतं.”

या आठवड्यात आपण जो काही बेत आखत असू, सहलीचा, खरेदीचा, लग्नकार्याचा, त्याला एकदा हे तीन प्रश्न विचारून पाहावेत. यात्रा मोडण्याची गरज बहुधा पडणार नाही. हेतू तेवढा तपासावा.