साडेसेहेचाळीस मिलिमीटर

घाई नसलेली एखादी दुपार निवडा. जुन्या फिल्म कॅमेऱ्याची लेन्स काढून हातात घ्या. निकॉनची, हाताने फोकस करायची ५० मिलिमीटरची लेन्स मी इथे डोळ्यांसमोर ठेवली आहे. तुमच्याकडे पेंटॅक्सची असेल, झेनिटसोबत आलेली हेलिऑस असेल, तरी चालेल. नवा डिजिटल कॅमेरा आणला असेल तर तो आत्ता खोक्यातच राहू द्या.

लेन्स तळहातावर ठेवा. आकाराच्या मानाने जड लागते, कारण आत धातू आहे आणि काच आहे. अ‍ॅपर्चरची रिंग सावकाश फिरवा. २.८, ४, ५.६, ८, ११. यातल्या प्रत्येक पायरीला आत येणारा उजेड निम्मा होतो. आता डोळे मिटा आणि फोकसची रिंग फिरवा. दूरचं स्पष्ट करायला ती कुठल्या बाजूला वळवायची, हे बोटांना विचारावं लागत नाही. निकॉनची रिंग एका दिशेने फिरते आणि कॅननची नेमकी उलट. ज्याचा हात एका दिशेला बसला, तो घाईत दुसरी लेन्स हाती आली की हमखास चुकतो. एवढी वर्षं फोटो काढून जे शिकलात, त्यातलं किती मनगटात आहे, याचा थोडा वेळ विचार करा. बॉडी बदलली तरी ते जसंच्या तसं सोबत येणार आहे.

आता खोलीतले दिवे बंद करा. एकच खिडकी उघडी ठेवा आणि तिच्यासमोरच्या भिंतीला एक पांढरा कागद चिकटवा. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा. ही लेन्स कॅमेऱ्यावर नसताना रिंगवर जो आकडा असेल तेवढीच उघडी राहते, म्हणून १.८ वर आणायला विसरू नका. फोकस अनंतावर. तोंड खिडकीकडे, पाठ कागदाकडे. अशी ती कागदाच्या जवळ जवळ नेत राहा.

सुमारे तीन बोटं अंतर उरलं की खिडकीबाहेरचं सगळं कागदावर उतरतं. उलटं, इवलंसं, पण रंगांसकट. आभाळ खाली, समोरची गच्ची वर, तारेवर वाळत घातलेले कपडे वाऱ्याने हलताहेत तेसुद्धा. बघत राहा. लेन्स किंचित मागे घ्या, चित्र विरघळतं. किंचित पुढे न्या, पुन्हा विरघळतं. ते उभं राहतं ते एकाच जागी. मोजपट्टी लावलीत तर लेन्सच्या मागच्या धातूच्या कड्यापासून ती जागा ४६.५ मिलिमीटरवर येते.

आता कागद काढून टाका आणि लेन्स हवेत तशीच धरा. चित्र कुठे गेलं?

उत्तराची घाई करू नका. उजेड अजूनही त्याच वाटेने येतो आहे, त्याच जागी एकत्र होतो आहे. गच्ची, आभाळ, कपडे, सगळं त्या रिकाम्या जागेत आत्ता या क्षणीही जुळतं आहे. तिथे घ्यायला कोणी नाही, एवढंच. मला वाटतं, फिल्मकडून डिजिटलकडे जाणं म्हणजे नेमकं काय, हे इथे हाताला कळतं. लेन्सचं काम या जागेपर्यंत उजेड पोचवण्याचं. तिथे कोणाला बसवायचं, ते आपण ठरवतो.

४६.५ हे अंतर निकॉनने १९५९ साली आपल्या ‘एफ’ कॅमेऱ्यासोबत ठरवलं आणि डिजिटल एसएलआर आले तेव्हाही ते तेवढंच ठेवलं. म्हणून सत्तरच्या दशकातली लेन्स पुढच्या शतकातल्या बॉडीवर चढते. (१९७७ पूर्वीची, ‘एआय’ नसलेली लेन्स असेल तर मात्र जोर लावू नका. तिच्या रिंगने बऱ्याच डिजिटल बॉडींवरचा छोटा खटका मोडू शकतो. जाणकार कारागीर ती रिंग कापून देतात.) पेंटॅक्सनेही १९७५ च्या के-माउंटचं अंतर सोडलं नाही. कॅननने सोडलं. १९८७ साली स्वयंचलित फोकसचं नवं माउंट आणताना त्यांनी ४२ मिलिमीटरचे ४४ केले. दोनच मिलिमीटर, पण जुन्या एफडी लेन्सने उजेड जिथे आणून ठेवला, तिथून फिल्म दोन मिलिमीटर मागे सरकली होती. दूरचा डोंगर त्या लेन्समधून पुन्हा स्पष्ट व्हायचा तर मध्ये आणखी एक भिंग घालावं लागे, आणि त्याने चित्राची प्रत घसरे. चांगल्या लेन्स कपाटात गेल्या, काचेत काहीही दोष नसताना.

त्या बाहेर आल्या त्या मिररलेस कॅमेऱ्यांमुळे. आतला आरसा गेला, तशी बॉडीची खोली कमी झाली: सोनीच्या ई-माउंटचं अंतर १८ मिलिमीटर, निकॉन झेडचं १६. अंतर कमी असेल तर वाढवता येतं. निकॉनची जुनी लेन्स सोनीवर लावायचं साधं अ‍ॅडॉप्टर हातात घेऊन आरपार बघा. आत काच नाही, काहीच नाही. ४६.५ मधून १८ वजा केले की उरतात २८.५ मिलिमीटर, तेवढी मोजून घेतलेली पोकळी म्हणजे ते अ‍ॅडॉप्टर. आपण त्या पोकळीचे पैसे मोजतो, आणि मला ते रास्त वाटतं.

डिसेंबर १९७५ मध्ये कोडॅकच्या रोचेस्टरमधल्या प्रयोगशाळेत स्टीव्ह सॅसन या तरुण इंजिनिअरने पहिला हाती धरता येणारा डिजिटल कॅमेरा जुळवला. शंभर गुणिले शंभर बिंदूंचं चित्र, आणि ते कॅसेटच्या टेपवर उतरायला २३ सेकंद. त्याला लावलेली लेन्स कोडॅकच्याच सुपर-८ फिल्म कॅमेऱ्याची होती. म्हणजे जुनी लेन्स आणि उजेड घेणारा नवा सेन्सर ही जोडी डिजिटल छायाचित्रणाच्या पहिल्या दिवसापासूनची आहे.

आता लेन्स नव्या बॉडीवर चढवा आणि रोजची खोली बघा. काहीतरी जवळ आल्यासारखं वाटेल. मघाशी कागदावर उतरलेलं चित्र आठवा. ते चौकोनी नव्हतं, गोल होतं. फिल्म त्या गोलातून ३६ गुणिले २४ मिलिमीटरचा तुकडा उचलायची. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, साधारण २४ गुणिले १६ चा असेल, तर तो फक्त मधला भाग उचलतो. ५० ची लेन्स ७५ सारखी बघू लागते. लेन्समध्ये काही बदललेलं नाही. कडेची माणसं, दाराची चौकट, कोपऱ्यातली कळशी, या सगळ्यांचा उजेड आजही आत येतो. तो सेन्सरच्या बाजूच्या काळ्या भिंतींवर पडतो आणि तिथेच संपतो. यावर जरा थांबा. या लेन्सने तुम्हाला माणसांपासूनचं एक अंतर शिकवलं होतं: बोलत बोलत फोटो काढता येईल इतकं. आता तेच माणूस तेवढंच मावायला मागे सरकावं लागेल, आणि लहान खोलीत मागे भिंत असते. फुल फ्रेम बॉडी परवडत असेल तर मी तिच्याच बाजूने बोलेन, आणि तेही याच एका कारणासाठी.

उजेडाची सवयही बदलावी लागते. निगेटिव्ह फिल्म जास्तीचा उजेड पुष्कळ सोसायची; सावलीसाठी मोजा आणि पांढऱ्याची काळजी करू नका, असा तिचा स्वभाव. सेन्सरचं उलट आहे. भर उन्हात दिवेघाट चढणाऱ्या वारकऱ्यांच्या पांढऱ्या सदऱ्यांवरच्या चुण्या एकदा गेल्या की त्या परत आणता येत नाहीत. सावलीतून मात्र बरंच काही वर काढता येतं. म्हणून पांढऱ्यावर मोजा. शिवाय सेन्सर फिल्मपेक्षा चकचकीत असतो, त्यावरून परतलेला उजेड जुन्या लेन्सच्या मागच्या काचेवर आदळतो आणि फोटोवर धूसर पडदा येऊ शकतो. सूर्य समोर असेल तर डाव्या हाताची सावली लेन्सवर धरा.

राहिलं वाट पाहणं. रोल धुवायला टाकल्यावरचे ते दिवस पुष्कळांना आठवतात, आणि जुनी लेन्स लावली की ते परत येतील असं वाटतं. मनाशी तपासून बघा: ते दिवस लेन्समध्ये कधीच नव्हते. ते रसायनात होते, दुकानात होते, फिल्मच्या किमतीत होते. कोडॅकने २००९ साली कोडाक्रोम ही आपली रंगीत फिल्म बंद केली. शेवटच्या रोलपैकी एक छायाचित्रकार स्टीव्ह मॅक्करी यांना मिळाला आणि त्यातल्या काही फ्रेम त्यांनी भारतात काढल्या. कॅन्ससमधल्या पार्सन्स गावात ती धुणारी जगातली शेवटची लॅब होती. ३० डिसेंबर २०१० ला तिची रोल स्वीकारण्याची मुदत संपली. त्यानंतर ज्यांच्या घरी न धुतलेला रोल सापडला, त्यांच्यापाशी उजेड नीट पोचलेला आहे, नीट घेतलेलाही आहे, पण त्याचे रंग पुन्हा दिसायची सोय उरलेली नाही. तो रोल ज्या लेन्समधून काढला, ती बहुधा आजही चालत असेल.

म्हणून लेन्सची काळजी करून झाली की घेणाऱ्याची करा. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सच्या ‘इंदू’वर काढलेली कृष्णधवल निगेटिव्ह नीट जपली असेल, तर आजही खिडकीपुढे धरून वाचता येते, त्यासाठी कुठलंच यंत्र लागत नाही. मेमरी कार्ड खिडकीपुढे धरून काही दिसत नाही. या लेन्सने काढलेले डिजिटल फोटो दोन वेगळ्या जागी ठेवा. अ‍ॅडॉप्टरवरच्या लेन्सचं अ‍ॅपर्चर कॅमेरा नोंदवत नाही, ते वहीत लिहा. आणि ज्या फोटोंतली माणसं पुढे शोधली जातील असं वाटतं, ते आधी छापून घ्या. मागे पेन्सिलीने नाव, गाव आणि साल.