भिंत पडली, सोवळं कुठे गेलं?

पुण्या-मुंबईत नव्या इमारतीतला सँपल फ्लॅट बघायला गेलं, की स्वयंपाकघर शोधावं लागत नाही. दार उघडताच ओटा समोर. मधली भिंत गेलेली असते आणि तिच्या जागी ग्रॅनाइटचा कट्टा व उंच स्टुलं आलेली असतात. तरुण जोडपं खूश होतं. बरोबर आलेल्या आजी मात्र वेगळीच शंका काढतात : गौरीच्या नैवेद्याचं पान इथे वाढलं, तर दाखवायच्या आधीच येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर पडणार त्यावर. त्याचं काय?

या शंकेवर हसून मोकळं होता येत नाही. जुन्या वाड्यात पाहुणा कोण आहे, यावर तो कुठवर येणार हे ठरायचं. कामापुरता आलेला ओसरीवर बसे, नात्यातला माजघरापर्यंत येई आणि चुलीपाशी फक्त सोवळ्यातली बाई. घरच्याच बाईलाही महिन्यातले काही दिवस तिथे मज्जाव. धूर परसाकडे निघून जावा म्हणून स्वयंपाकघर मागे, हे कारण खरंच. पण गॅस आला, धूर गेला, तरी कित्येक घरांत मज्जाव तसाच राहिला. त्या दाराकडे धुराहून मोठं काम होतं.

या कामामागे शास्त्रार्थ आहे आणि तो वाटतो तितका एकमुखी नाही. आहार शुद्ध असला की अंतःकरण शुद्ध होतं, असा विचार छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायात येतो. रामानुजाचार्यांच्या परंपरेत अन्नाला तीन दोष सांगितले आहेत. जातिदोष म्हणजे पदार्थाच्या अंगचाच, कांदा-लसणासारखा. निमित्तदोष म्हणजे अन्नात केस, माती पडणं. तिसरा आश्रयदोष, म्हणजे अन्न ज्याच्या हातून येतं त्याचा. शंकराचार्यांनी मात्र त्याच वचनाचा अर्थ फार व्यापक घेतला. इंद्रियांवाटे आपण जे जे आत घेतो ते सगळं आहारच. राग, द्वेष, मोह न ठेवता ते घेणं ही आहारशुद्धी.

आता हे दोन्ही अर्थ घेऊन त्या सँपल फ्लॅटमध्ये उभं राहावं. पहिल्या अर्थाने बघितलं तर आजींचं म्हणणं रास्त. चुलीला आडोसा हवा. दुसऱ्या अर्थाने भिंतीचा प्रश्नच उरत नाही. तिथे खटकायला हवा तो ओट्यासमोरच्या भिंतीवरचा मोठा टीव्ही. पोळी लाटताना आणि जेवताना चाललेली चर्चेच्या नावाखालची आरडाओरड शंकराचार्यांच्या हिशेबाने पानातच पडते. वास्तूप्रमाणे शेगडी आग्नेयेला आहे ना, हे दहादा विचारणारे या टीव्हीबद्दल चकार शब्द काढत नाहीत.

स्वामी विवेकानंदांनी भक्तियोगावर लिहिताना ही दोन्ही मतं मांडली आणि दोन्ही घ्यावीत असं म्हटलं. पण 1897 मध्ये दक्षिणेत बोलताना त्यांनी सुनावलंही, की आपला धर्म स्वयंपाकघरात शिरून बसलाय आणि भांडं हाच देव झालाय. त्यांचा रोख शिवाशिवीवर होता. तीन दोषांपैकी आपण नेमका आश्रयदोष उराशी धरला. केस निघाला तर काढून टाकतो, कांद्याची भजी आवडीने खातो. करणाऱ्याची जात मात्र विचारतो.

विचारतो, हे वर्तमानकाळातच लिहायला हवं. 2017 मध्ये पुण्यात एका उच्चशिक्षित बाईंनी स्वयंपाकीणबाईंविरुद्ध पोलिसांत तक्रार केली. सोवळ्यातल्या स्वयंपाकासाठी ठेवलेल्या या बाईंनी जात लपवली, असा आरोप होता. चहूबाजूंनी टीका झाली आणि तक्रार मागे घेतली गेली. ज्या शहरात महात्मा फुल्यांनी 1868 मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, त्याच शहरातली ही गोष्ट.

मग उघडं स्वयंपाकघर म्हणजे उघडं मन, असं म्हणावं का? पुरीचं जगन्नाथ मंदिर हे समीकरण मोडून टाकतं. तिथली रसोई कडक सोवळ्याची. लाकडाच्या जाळावर मातीची मडकी एकावर एक रचून अन्न शिजतं आणि चुलीशी ठरलेले सेवकच जातात. पण नैवेद्य झाला की तेच अन्न महाप्रसाद होऊन आनंदबाजारात येतं आणि तो जातपात न बघता शेजारी बसून खायचा, असा संकेत आहे. अमृतसरच्या सुवर्णमंदिरातल्या लंगरात तर पोळी लाटायलाही कुणीही बसावं. एकीकडे चूल बंद, दुसरीकडे खुली; पंगत दोन्हीकडे खुली. आपल्या नव्या फ्लॅटांत चूल खुली झाली, पंगतीचं काय ते ज्याचं त्यानं बघावं.

भिंत पाडण्याची कल्पना मुळात आपली नव्हे, हेही खरं. 1926 मध्ये मार्गारेटे शुट्टे-लिहोट्झ्की यांनी फ्रँकफर्टच्या कामगार वसाहतींसाठी जेमतेम साडेसहा चौरस मीटरचं, पावलं वाचवणारं, पण भिंतीआडचं स्वयंपाकघर आखलं. ते सुमारे दहा हजार घरांत बसलं. पुढे त्यावर टीका झाली, की बाई त्यात एकटी पडते. 1937 मध्ये फ्रँक लॉइड राइट यांनी अमेरिकेत मॅडिसन इथे जेकब्स कुटुंबासाठी बांधलेल्या घरात स्वयंपाकाची जागा बैठकीला जोडूनच होती. नोकर-चाकर न ठेवणाऱ्या मध्यमवर्गासाठीची ती रचना. रांधणारी घरचीच, म्हणून ती घोळक्यात हवी.

इथे घोटाळा होतो. आपल्याकडच्या पुष्कळ घरांत ओट्याशी पोळ्यांच्या मावशी उभ्या असतात. भिंत नसल्याने त्या दिवाणखान्यातच असतात, तरी त्यांचा चहाचा कप वेगळ्या फळीवर आणि चहा प्यायची जागा ड्राय बाल्कनीत. महागड्या फ्लॅटांत आता पुढे शोभेचं स्वयंपाकघर आणि मागे फोडणी-तळणीचं दुसरं, असा थाट निघालाय. तेलकट वास नको म्हणून, असं सांगतात. वासाचं कारण खोटं नाही. पण मागच्या त्या चिंचोळ्या खोलीत कोण उभं राहतं, हे बघितलं की वाड्यातलं मागचं स्वयंपाकघरच आठवतं.

आजींची अडचण सोपी आहे. नैवेद्यापुरता एक पडदा किंवा सरकतं दार लावलं की भागतं. भिंत पाडण्याआधी आर्किटेक्टला एवढंच सांगा : ओट्याशी जी कुणी उभी राहील तिच्या डोक्यावरही पंखा हवा आणि कट्ट्याच्या स्टुलांपैकी एक तिचं.