मशवरा आणि मीठ

गेल्या मे महिन्यात कासारसाईला एका ओळखीच्या गवंड्याकडे गेलो होतो. निघताना त्यांनी विचारले, "सर, पोरीला गावातल्या मराठी शाळेत घालू, की पुण्याला बहिणीकडे ठेवून तुमच्या उर्दू शाळेत?" आम्ही लगेच म्हणालो, "उर्दूतच घाला. मादरी जबान आहे." धरणाच्या कडेने परतताना मात्र मन खाऊ लागले. शाळेचा पट घटला की शिक्षक अतिरिक्त ठरतो, आणि आमचा पट घटतो आहे. मशवरा ही अमानत, असे आम्हीच मुलांना शिकवतो. मग हा मशवरा पोरीसाठी होता की आमच्या नोकरीसाठी?

पेशवाईच्या अखेरचे खुश्रूजी मोदी आठवले. हे पारशी गृहस्थ पुण्याच्या इंग्रज रेसिडेन्सीचे कारभारी. रेसिडेंट आणि दरबार यांच्यातले बोलणे त्यांच्यामार्फत चाले. दुसऱ्या बाजीरावाने त्यांनाच कर्नाटकची सरसुभेदारी दिली. इकडे कंपनीचे मीठ, तिकडे पेशव्यांचे! १८११ साली रेसिडेंट म्हणून आलेल्या एल्फिन्स्टनने पुढे त्यांना दोन्हींपैकी एकच निवडायला लावले. मोदींनी सुभा सोडला. १८१५ मध्ये विषाने त्यांचा अंत झाला. ते त्यांनी घेतले की कोणी दिले, यावर आजही एकमत नाही.

दूर कोरियात मोलेंडॉर्फ या जर्मन मुत्सद्द्याचेही असेच झाले. १८८२ मध्ये चीनच्या ली हुंगचांग यांनी आपला माणूस म्हणून त्याला कोरियाच्या राजाचा सल्लागार नेमवले. त्याने तिथला पोशाख घातला, तिथले नाव घेतले आणि चीन-जपानच्या कचाट्यातून सुटायला रशियाशी संधान बांधले. १८८५ मध्ये चीनच्याच दबावाने त्याची उचलबांगडी झाली. चीनच्या लेखी तो नमकहराम. आमच्या लेखी नाही. त्याचा सल्ला चुकलाही असेल, पण ज्याचा सल्लागार होता त्याचेच हित त्याने पाहिले.

मोदींना तरी दोष कसा द्यावा? ते कोणाचे मीठ खातात हे बाजीरावाला ठाऊक होते, किंबहुना म्हणूनच तर सुभा दिला. आमच्या गवंड्याला आमच्या पटाची गोष्ट कुठे ठाऊक होती?

चार दिवसांनी फोन करून त्यांना सगळे सांगितले. ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बरं सर, आता नोकरी बाजूला ठेवून सांगा. पोरीला कुठं घालू?"