नाव कुठे संपतं?

फोल्डरमध्ये 'वारी फोटो.जेपीजी' नावाची एकच फाइल आहे. शेल स्क्रिप्टमधला फॉर लूप फाइलींची यादी देणाऱ्या 'एलएस' कमांडच्या उत्तरावर चालवला, की तो दोनदा फिरतो: आधी 'वारी'साठी, मग 'फोटो.जेपीजी'साठी. समजा, शेजारी 'फोटो.जेपीजी' नावाची वेगळी फाइलही असेल, 'एलएस'ला फक्त 'वारी'ने सुरू होणारी नावं मागितली असतील आणि लूपमध्ये फाइल पुसण्याची कमांड असेल, तर नाहक तीच जाते.

युनिक्समध्ये तिरकी रेघ आणि शून्य मूल्याचा बाइट सोडून फाइलच्या नावात काहीही चालतं. मोकळी जागा, टॅब, अगदी नवी ओळसुद्धा. आणि १९७९च्या बोर्न शेलच्या वळणाचे शेल कमांडचं अवतरणाबाहेरचं उत्तर नेमकं या तिन्हींवर तोडतात. मग नावाची सीमा नावातच असते, की वाचणारा ती आखतो?

हा प्रश्न संगणकाहून फार जुना आहे. ऋग्वेदाच्या संहितापाठात शब्द संधीने एकमेकांत मिसळलेले. शाकल्याने ते सुटे करून पदपाठ रचला. दहाव्या मंडलात एके ठिकाणी त्याने 'वा' आणि 'यः' अशी दोन पदं पाडली. यास्काने निरुक्तात हरकत घेतली: तसं असतं तर क्रियापदावर उदात्त स्वर आला असता, शिवाय अर्थही अपुरा राहतो. त्याच्या मते 'वायः' हे एकच पद, म्हणजे पक्ष्याचं पिल्लू. एका पिल्लाचे दोन तुकडे झाले होते, आणि यास्काने ते स्वराच्या आधाराने पुन्हा सांधले.

भर्तृहरी आणखी पुढे जातो. वाक्यपदीयात तो वाक्यच अखंड मानतो. पदं ही समजावण्यापुरती केलेली फोड. विचार भव्य आहे, पण लूपला एकेक वस्तू वेगळी हातात घ्यावीच लागते.

मोडी दस्तांत शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, तरी जाणकार अर्थावरून शब्द पाडतो. शेलला अर्थ कळत नाही. नाव कुठे संपतं हे फोल्डरला पक्कं ठाऊक होतं. 'एलएस'ने ते सपाट मजकुरात ओतलं आणि सीमा तिथेच हरवली. म्हणून 'एलएस'ला मध्ये घेऊच नये. लूपला ताराचिन्ह दिलं, की शेल स्वतः फोल्डर वाचतो आणि मिळालेली नावं पुन्हा तोडत नाही. आतल्या चलाला मात्र दुहेरी अवतरण हवंच. पोटफोल्डरही धुंडाळायचे असतील तर 'फाइंड' कमांडला प्रत्येक नावानंतर शून्य बाइट ठेवायला सांगता येतं. तो कुठल्याच नावाच्या आत सापडत नाही.