कठीण निर्णय कोणासाठी कठीण?

इ.स.पू. २१६. इटलीत कॅनीच्या मैदानावर कार्थेजच्या हॅनिबलने एका दिवसात रोमन सैन्य कापून काढलं. इतिहासकार लिव्ही मृतांचा आकडा ४८,००० च्या वर देतो. हॅनिबलचे डावपेच आजही अभ्यासले जातात. मला छळतो तो त्यानंतरचा एक निर्णय.

हॅनिबलला पैसा हवा होता. रोमन कैद्यांसाठी त्याने दर ठरवला: पायदळाचा शिपाई ३०० चांदीची नाणी, घोडेस्वार ५००. परत येण्याची शपथ घेऊन दहा कैदी रोमला आले. नातेवाइकांनी रडून गयावया केली. सिनेट म्हणालं, नाही. पैसे दिले तर शत्रूची तिजोरी भरेल आणि शरण जाण्याची सवय लागेल. त्याच सुमारास रोमने सरकारी खर्चाने ८,००० गुलाम विकत घेऊन सैन्यात भरती केले. कैदी त्याहून स्वस्तात सुटले असते, हे लिव्हीच नोंदवतो.

पुढे रोमने युद्ध जिंकलं. म्हणजे निर्णय बरोबर? जिंकण्यावरून एवढंच कळतं की निर्णय फळला. तो न्याय्य होता का, हा प्रश्न तिथेच उरतो.

माझी कसोटी साधी आहे: तोच नियम वरच्यांनाही लागला का? कॅनीला सैन्य घेऊन गेलेला कॉन्सुल व्हॅरो पळून वाचला. रोममध्ये त्याचं स्वागत झालं. प्रजासत्ताकाची आशा सोडली नाही म्हणून त्याचे आभार मानले गेले. तसेच पळून वाचलेले साधे शिपाई मात्र शिक्षा म्हणून सिसिलीला धाडले गेले. युद्ध संपेपर्यंत त्यांना घर बंद.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे ‘कठीण निर्णय’ हे शब्द नोकरकपातीच्या मेलमध्ये येतात. तसा मेल आला की मी एकच गोष्ट शोधतो: ज्यांनी योजना आखली, त्यांचं काय गेलं? उत्तर ‘काहीच नाही’ असेल, तर त्याला हिशेब म्हणा, तत्त्व म्हणू नका. संस्थेसाठी त्याग मागता येतो, पण मागणाऱ्याचाही त्यात वाटा हवा.

इ.स.पू. १९४ मध्ये हॅनिबलने विकलेले सुमारे १,२०० रोमन ग्रीसमध्ये गुलामीतून सुटले. सेनापती फ्लॅमिनिनसच्या विजययात्रेत ते मुंडण केलेल्या डोक्यांनी चालले. रोमने तेव्हाही खिशात हात घातला नाही. त्यांची किंमत ग्रीकांनी मोजली.